बीग आणि बीगर

सुभेदारसाहेबांनी दोन कुलपं माझ्या बाकावर ठेवली आणि खुशीत म्हणाले, "बघ, दोन्हीला एकच किल्ली चालते. एक खिशात, एक घरात. झंझट नाही."

दोन्ही वेगवेगळ्या वेळी ऑनलाइन मागवलेली. किल्ल्यांवर कोरलेले नंबरही वेगळे. मी याची किल्ली त्यात घातली, फिरली. त्याची यात घातली, तीही फिरली. स्वस्तातल्या कुलपांत किल्लीचे दाते मोजक्याच तऱ्हांचे काढतात, त्यामुळं एकाची किल्ली दुसऱ्याला लागणं ही नवलाची गोष्ट नाही. पण साहेब त्याला सोय समजून बसले होते, आणि ती समजूत मोडायचं काम माझ्याकडं आलं.

तसा माझा धंदा कुलपांचा नाही. बेळगावात उद्यमबागेत फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, मुख्य काम उसाच्या ट्रॉल्यांचं. कुलपांकडं वळलो ते गिऱ्हाइकांमुळं. ट्रॅक्टर चोरायला किल्ली लागते, निदान वायरी जोडता आल्या पाहिजेत. ट्रॉलीला काहीच लागत नाही. दांडीचं कडं कुठल्याही ट्रॅक्टरच्या हुकात बसतं, वरनं पिन टाकली की चालली. रंग एका दिवसात बदलतो. निपाणी सोडून कागल गाठलं की राज्य बदलतं, पोलीस बदलतात, नंबरप्लेटची अक्षरंही बदलतात. म्हणून मी एक पेटी करायला लागलो. 12 मिलीची प्लेट, कड्यावर टोपीसारखी बसते, आतनं कड्यातून 20 मिलीचा दांडा जातो आणि त्याला कुलूप. कुलूप पेटीच्या पोटात, म्हणजे त्याच्या कडीला कटर पोचत नाही. प्रत्येक पेटीवर माझा फोन नंबर पंच केलेला असतो. जाहिरात म्हणून केलं होतं ते.

सुभेदारसाहेब मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले, खानापूर तालुक्यातले. गोव्यातल्या कुणाकडून त्यांनी जुनी कॅम्पर घेतली. दोन चाकांची, आत दोघांपुरता पलंग, शेगडी, पाण्याची टाकी. जीपला जोडायची आणि बाईसाहेबांना घेऊन हिंडायचं. आम्हाला ट्रॉली म्हटली की ऊसच दिसतो, त्यामुळं ती दारात लागली तेव्हा आजूबाजूच्या शेडांतली पोरं आत डोकावून गेली. ही कॅम्पर एरवी जांबोटीच्या बाजूला शेतात उघड्यावर असते. पावसाळ्यात तिकडं चार-चार दिवस कुणी फिरकत नाही. चोरी अजून झालेली नव्हती, साहेब आधीच जागे झाले होते. असं गिऱ्हाईक विरळा.

पहिलं कुलूप यू आकाराचं. कॅम्परच्या दांडीच्या टोकाला वाटीसारखा कप्लर असतो, तो गाडीच्या मागच्या बॉलवर बसतो. कुलपाचा खालचा गोळा त्या कप्लरच्या खोबणीत बसतो, वरनं कडी येते. खोबण भरलेली असली की चोराला आपल्या गाडीचा बॉल घालता येत नाही, ही त्यातली युक्ती. मी अंगाला चुंबक लावलं. चिकटलं नाही, म्हणजे अंग पोलादाचं नव्हे, ओतीव हलकी धातू. मग कडीवर कानस मारली. नीट हार्डन केलेल्या पोलादावर कानस काचेवर फिरवल्यासारखी घसरते. इथं ती चावली आणि चकचकीत चरा उठला.

"हातोडा मारून बघू?" मी विचारलं.

"मार. तसंबी ते आता माझ्या मनातनं उतरलंच."

आमच्या मिस्त्रींनी दोन किलोचा हातोडा घेतला. तिसऱ्या घावाला अंग फुटलं आणि कडी बाकाखाली गेली.

दुसरं कुलूप खरं तर चांगलं होतं. जीपच्या मागच्या चौकोनी नळीत बॉलचा दांडा बसतो, आणि तो निसटू नये म्हणून आडवी पिन असते. त्या पिनेचं हे कुलूप. पण ते राखतं जीपचा बॉल. कॅम्पर शेतात एकटी उभी असते तेव्हा त्याचा तिला काडीचा उपयोग नाही.

साहेब थोडा वेळ गप्प राहिले. "म्हणजे दोन वर्षं मी बॉल राखत बसलोय?"

"बॉल शाबूत हाय की साहेब," मिस्त्री म्हणाले.

एवढ्यात बाहेर ट्रॅक्टर थांबला. मागं रिकामी ट्रॉली, पण हुकात अडकवलेली नव्हती. दांडीला साखळीचे दोन वेढे देऊन ओढत आणलेली. हे फार धोक्याचं असतं, उतार आला की ट्रॉली ट्रॅक्टरच्या अंगावर येते. ट्रॅक्टरचा नंबर केए-24, म्हणजे बैलहोंगलचा. ट्रॉलीचा केए-22, बेळगावचा. आणि दांडीच्या टोकाला, साखळीच्या पुढं लोंबत, माझी पेटी. कुलूप जसंच्या तसं.

पंचविशीचा पोरगा उतरला. "कीलीकै कळदैतरी," म्हणाला. किल्ली हरवली. कापून द्या, काय होईल ते देतो.

इथं एक सांगायला पाहिजे. आमच्याकडच्या कन्नडात कीली म्हणजे कुलूप, आणि किल्लीला कीलीकै. माझ्याकडं नवे पोरगे येतात आणि जातात, त्यातला प्रत्येक मराठी पोरगा पहिल्या आठवड्यात कीली मागितल्यावर किल्ली नेऊन देतो आणि शिव्या खातो.

कुलूप कापायचं तर आरसी, म्हणजे गाडीच्या नोंदणीचा कागद, आणि मालकाचा फोन, दोन्ही लागतात. हा नियम मी एकदा तोंड पोळल्यावर केला, ती गोष्ट वेगळी. पोरानं मोबाइलमध्ये आरसीचा फोटो दाखवला. नाव दुसऱ्याचं. माझ्या वहीतही तेच नाव होतं, उचगावकडचे एक शेतकरी. चांगले आठवत होते, कारण पेटीचं वेल्डिंग त्यांनी माझ्याकडून दोनदा करून घेतलं होतं. फोन लावला. कव्हरेजच्या बाहेर.

साहेब माझ्या कानाशी आले. "चोर आहे. पोलिसांना लाव."

मलाही तसंच वाटत होतं. एकच गोष्ट जुळत नव्हती. सकाळी एक फोन आला होता, वर्कशॉप उद्यमबागेत नेमकं कुठं आलं म्हणून विचारणारा. तो याचाच. पेटीवरचा नंबर वाचून पोरगा पेटी करणाऱ्याकडंच ती कापायला आला होता. चोर असता तर एवढा सरळ नसता.

उलगडा मिस्त्रींनी केला. त्यांनी पोराला चहा दिला आणि कन्नडात गाव, आडनाव, घरात कोण कोण, अशी सोयरीक जुळवताना विचारतात तशी चौकशी केली. दोन मिनिटांत हसायला लागले. पोरगा त्या शेतकऱ्याच्या जावयाचा धाकटा भाऊ. ट्रॉली दोघा व्याह्यांनी भागीत घेतलेली, आरसी मात्र एकाच्या नावावर. यांच्या उसाला तोड आली, कारखान्याची गाडी मिळेना, ट्रॉली पाहिजे. आणि व्याही किल्ली कमरेला लावून मार्गशीर्षातल्या पौर्णिमेला सौंदत्तीला, यल्लम्माच्या जत्रेत. पोरानं साखळी बांधली आणि निघाला. पण बैलहोंगलला जायचं तर हलग्याजवळ सुवर्ण विधानसौधावरून जावं लागतं, तिथं विधिमंडळाचं अधिवेशन चालू, हायवेवर पावलोपावली पोलीस. साखळीनं ओढलेली ट्रॉली घेऊन तिथनं जायची त्याची छाती झाली नाही.

"बीगरिगे बीग!" मिस्त्री टाळी देत म्हणाले. पुस्तकी कन्नडात कुलूप म्हणजे बीग, आणि व्याही म्हणजे बीगरू. व्याह्यांना कुलूप. पोरगाही हसला, पण कुलूप काही उघडलं नाही.

साहेब मात्र हसले नाहीत. ते ट्रॉलीच्या दांडीपाशी उकिडवे बसून पेटी निरखत होते. "ही तुझी पेटी?"

"होय."

"फुटली नाही, वाकली नाही. आणि ट्रॉली उचगावहून इथवर आली."

यावर मला उत्तर नव्हतं. तासाभरापूर्वी मी त्यांच्या कुलपाची चेष्टा करत होतो. माझ्या पेटीनं पिन अडवली, पण साखळीला पिन लागतच नाही. मी एवढी वर्षं कडं राखत होतो आणि ट्रॉली चालते चाकांवर.

तिथून पुढचं काम आम्ही दोघांनी मिळून ठरवलं असं म्हटलं तरी चालेल. कॅम्परखाली मी आडवा झालो. कप्लर 50 मिलीच्या बॉलचा, दोन बोल्टांनी दांडीला बसवलेला. म्हणजे कप्लरला कितीही भारी कुलूप लावा, पाना घेऊन आलेला माणूस दोन नट सोडणार, तुमचं कुलूप कप्लरसकट जमिनीवर ठेवणार आणि स्वतःचा कप्लर बसवणार. तेव्हा पेटी बोल्टांनाही झाकेल एवढी लांब पाहिजे. आतला गोळा नेमका 50 मिलीच्या खोबणीचा पाहिजे, लहान गोळा हलतो आणि हलणारं कुलूप पहारीला जागा देतं. शिवाय अशी कॅम्पर हलकी. पुढचं छोटं चाक टेकवलं की सपाट जागेवर दोघं-तिघं हातानं ढकलत नेतात, गाडीसुद्धा लागत नाही. म्हणून चाकाला काहीतरी पाहिजेच.

बाजारात चाकाचे चिमटे मिळतात, पण मिस्त्री म्हणाले, वाड्याच्या दाराला असायचा तसा अडसर करू. चाकाच्या डिस्कला भोकं असतातच. त्यातून आत दांडा सारायचा, चाक फिरलं की दांडा पाट्यांच्या स्प्रिंगला जाऊन अडतो. बाहेरच्या टोकाला जाड टोपी, टोपीच्या पोटात कुलूप. ईएन-24 जातीच्या पोलादाचा एक तुकडा शाफ्टच्या कामातून उरला होता, तो मिस्त्रींनी लेथवर घेतला, शेजारी हार्डनिंगला देऊन आणला. कानस मारून बघितली, घसरली. लांबी जरा जास्तच ठेवली, कमी करता येते, वाढवता येत नाही.

कुलपासाठी मी साहेबांना सात लिव्हरचं सुचवलं, चांगल्या कंपनीचं, रीतसर दुकानातून घेतलेलं, दोन्ही जागी वेगळ्या किल्लीचं. भोकावर रबरी टोपी. खानापूर भागातल्या पावसात कुलूप दोन महिन्यांत गंजून बसतं, आणि लोक त्यात खोबरेल ओततात. तेलात तांबडी धूळ बसली की आत गिलावा होतो. त्यापेक्षा ग्रेफाइटची भुकटी बरी, काहीच नाही मिळालं तर पेन्सिलीचं शिस किसून.

"आणि ग्राइंडर?" साहेबांनी विचारलं.

बॅटरीवरचा ग्राइंडर घेऊन आला तर हेही कापलं जाणार, मी सांगितलं. फरक मिनिटांचा आणि आवाजाचा.

"मग आवाज ऐकायला माणूस पाहिजे. फौजेत पहिलं शिकवतात ते हेच, नुसती तार लावून उपयोग नाही, तारेवर नजर पाहिजे." आणि तिथंच त्यांनी ठरवलं की कॅम्पर शेताच्या टोकाला ठेवायची नाही, शेजाऱ्याच्या गोठ्याला लागून ठेवायची. कुत्रं आहे, म्हातारा रात्री तीनदा उठतो. ही माझ्या डोक्यात आलेली गोष्ट नव्हती. मी लोखंडातच विचार करतो.

चारच्या सुमाराला सौंदत्तीहून फोन आला, मागं उदोचा गजर. "कापायची न्हाई आणि द्यायचीबी न्हाई. मी आल्याशिवाय हलवू नगा." पाच मिनिटांत बैलहोंगलचा फोन, बापाचा. अर्धी आमची आहे, पोराबरोबर लावून द्या. अर्धी कशी लावून देऊ, पुढची की मागची? मी दोघांनाही सांगितलं, ट्रॉली माझ्या आवारात राहील, तुम्ही दोघं मिळून या. पोरगा साखळी काढून रिकामा ट्रॅक्टर घेऊन गेला. जाताना चाकांकडं बघत होता.

माझ्या आवाराला फाटक नाही. साहेब म्हणाले, "माझा अडसर लाव तिला. मला घाई नाही." बघितलं तर ट्रॉलीच्या डिस्कमधूनही तो नीट गेला, जास्तीची लांबी तिथं कामी आली. किल्ली मी घरी नेली.

चौथ्या दिवशी दोघे व्याही आले, एकाच्या कपाळाला अजून भंडारा. तासभर भांडले, दोनदा चहा झाला. शेवटी उचगावकरांनी माझ्या पेटीची दुसरी किल्ली व्याह्यांच्या हातावर ठेवली, तोंडानं काही न बोलता. साहेबही आपला अडसर न्यायला त्याच वेळी आले होते. काढायला म्हणून मी खाली वाकलो आणि थांबलो. चाक अर्धा फेरा फिरून अडसर स्प्रिंगला घट्ट टेकला होता. मागच्या मातीत टायर न फिरता घसरल्याची हातभर खूण. दांडीवर साखळीचे ताजे ओरखडे.

मी मिस्त्रींकडं बघितलं, मिस्त्रींनी पोराकडं, आणि पोरगा कपातल्या चहाकडं बघत राहिला. कुणी काही विचारलं नाही.

साहेबांनी अडसर हातात घेतला, कडेनं बोट फिरवून बघितलं, कुठं वाकलाय का. नव्हता वाकलेला. "ट्रायल झाली," ते म्हणाले आणि पाकीट काढलं. "बिल कर."