कलकत्त्याची करन्सी बिल्डिंग: जायचं कसं, बघायचं काय

आझाद हिंद किंवा गीतांजलीने हावड्याला उतरलात तर टॅक्सीवाल्यांशी हुज्जत घालत बसू नका. स्टेशनावरूनच मेट्रो घ्या. ती हुगळीच्या पात्राखालून जाते आणि पुढचंच स्टेशन महाकरण. वर आलात की समोर लालदिघीचं तळं आणि रायटर्स बिल्डिंगची लांबलचक लाल इमारत. हा चौक म्हणजे बीबीडी बाग, जुना डलहौसी स्क्वेअर. त्याच्या पूर्व अंगाला करन्सी बिल्डिंग आहे. गर्दीत ती सहज नजरेआड होते, म्हणून नक्षीदार लोखंडी फाटक शोधा.

इमारत 1833 सालची, मूळची आग्रा बँकेची. 1868 मध्ये बँकेने मोठा भाग सरकारला दिला आणि तिथे चलन खातं थाटलं गेलं. मधल्या प्रशस्त दालनात नोटा, सोनं, चांदी, मोड बदलून घ्यायला वेगवेगळी काउंटरं होती आणि डोक्यावरच्या मोठ्या घुमटांतून खाली उजेड यायचा. 1935 साली रिझर्व्ह बँक सुरू झाली, तेव्हा तिने बस्तान मांडलं ते इथेच. दोन वर्षांत मुख्य कचेरी मुंबईला गेली. आपले चिंतामणराव देशमुख 1943 मध्ये गव्हर्नर झाले, तोवर इथला बाडबिस्तरा कधीच हलला होता. फोर्टातून रोज येणाऱ्याजाणाऱ्यांनी रिझर्व्ह बँकेचं हे आधीचं बिऱ्हाड एकदा बघून ठेवावं.

पुढे इमारत केंद्रीय बांधकाम खात्याकडे गेली आणि नव्वदच्या दशकात चक्क पाडायला घेतली. घुमट उतरवून झाल्यावर महापालिका आणि वारसाप्रेमी आडवे आले, काम थांबलं. मग पुरातत्त्व खात्याने ताबा घेतला, डागडुजी केली आणि जानेवारी 2020 मध्ये संग्रहालय म्हणून दारं उघडली.

आत गेल्यावर आधी मधल्या चौकात जा. घुमट गेले तिथे आता सरळ आभाळ दिसतं. भोवती कमानी, काही ठिकाणी गिलावा नसलेल्या उघड्या विटा. मला वाटतं, घुमट पुन्हा न बांधता चौक तसाच ठेवला हे फार शहाणपणाचं झालं. खोटा घुमट चढवला असता तर कुदळ कुठवर पोचली होती ते कुणाला कळलंच नसतं. इथे नुसतं उभं राहूनही अर्धा तास जातो. मग वरच्या मजल्यावर चढा आणि चौक वरून बघा. खोल्यांची छतं मुद्दाम मान वर करून पाहा: लोखंडी तुळया आणि त्यांच्यामध्ये विटांच्या उथळ कमानी. गिरगावातल्या जुन्या चाळीत राहिलेल्यांना वेगळं सांगायला नको.

प्रदर्शनं बदलत असतात. सुरुवातीला बंगालच्या कलेचं मोठं प्रदर्शन होतं, ते उठलं. त्यामुळे काय चालू आहे आणि वेळ काय, ते आधी विचारूनच निघा. सोमवार टाळलेलाच बरा. नुसत्या प्रदर्शनासाठी आलात तर हिरमोड होऊ शकतो, वास्तूसाठी या.

शक्यतो कामाच्या दिवशी या. रविवारी या ऑफिसपाड्यात शुकशुकाट असतो, खायलाही धड मिळत नाही. एरवी एस्प्लनेडच्या दिशेने डेकर्स लेनपर्यंत चालत जा. तिथे स्टू आणि टोस्ट मिळतो. एकच्या सुमाराला हापिसातली मंडळी लोटतात, त्याआधी जागा धरा. पोट भरलं की कौन्सिल हाऊस स्ट्रीटवरच्या रिझर्व्ह बँकेच्या संग्रहालयात जा. नोटा-नाण्यांची हौस तिथे भागते.

एप्रिल-मेमध्ये मात्र येऊ नका. तो चौक दुपारी नुसता भाजून काढतो.