त्यांच्यातली वाटतच नाही

परक्याच्या वर्णद्वेषाशी भांडणं सोपं. दोन शब्द सुनवायचे, संबंध संपला. पण जिने अंगाखांद्यावर खेळवलं, तापात रात्ररात्र उशाशी बसून काढली, तीच मावशी "काळ्या माणसांचा भरवसा धरू नये गं," असं पावसापाण्याच्या गप्पांइतक्या सहज म्हणते, तेव्हा?

समजावून झालं. कोणत्याही दोन माणसांचा डीएनए जवळपास ९९.९ टक्के सारखा असतो. त्वचेचा रंग म्हणजे मेलॅनिन आणि पूर्वजांच्या वाट्याला आलेलं ऊन. "असेल बाई," म्हणून ती पुढच्या विषयाकडे वळते.

मध्यंतरी ती आजारी पडली. रात्रपाळीची नर्स नेमकी कृष्णवर्णीय. मावशी तिच्यावाचून कुणाला सलाईनला हात लावू देईना. तिच्या मुलांची नावं पाठ, ड्युटी संपताना "उद्या येशील ना?" ठरलेलं. एकदा ती दाराबाहेर पडली नि मावशी मला म्हणाली, "किती गुणाची आहे गं. त्यांच्यातली वाटतच नाही."

गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९५४ सालीच हे लिहून ठेवलंय. समजुतीला छेद देणारं माणूस भेटलं की मन त्याला अपवाद ठरवतं आणि कुंपण पुन्हा बंद करून घेतं.

"अगं, ती नुसती बोलते, वागते का तशी?" असं घरचे म्हणतात. रिचर्ड लापिएर हा समाजशास्त्रज्ञ एका चिनी जोडप्याबरोबर अमेरिकाभर फिरला. अडीचशे हॉटेलं-खानावळींत मिळून नकार आला एकाच ठिकाणी. पुढे पत्राने विचारलं, तर उत्तर देणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक जणांनी चिनी गिऱ्हाईक घेणार नाही म्हणून कळवलं. हे १९३४ साली छापून आलं. घरच्यांना यात दिलासा दिसेल. मला ती पत्रंच दिसतात. समोर उभं राहिलेल्याला जागा मिळाली, पण आधी विचारून येणाऱ्याचं काय झालं असतं? मावशीचा चांगुलपणाही असाच, खाटेजवळ आलेल्यापुरता. घर भाड्याने द्यायचं झालं तर तिचं उत्तर मला आत्ताच ठाऊक आहे.

"जुन्या वळणाची आहे" हेही मला पटत नाही. सत्तरीत व्हिडिओ कॉल शिकलीच की!

आणि माफ करायचं तर ते मी कोण करणार? बोल लागला त्या नर्सला, तोही तिच्या पाठीमागे. मावशीच्या हातच्या मायेत वाढलेल्या मी परस्पर तो माफ करून टाकायचा, हे फारच सोयीचं झालं. मला फार तर माझी निराशा गिळता येईल. तीही अजून घशातच आहे.

त्या दिवशी मी एवढंच म्हटलं, "मावशी, ती त्यांच्यातलीच आहे. आणि घरी मुलांसमोर हे बोलायचं नाही."

"म्हणजे आता तोंड उघडायचीही चोरी," म्हणत ती भिंतीकडे वळली. संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही. नर्सशी मात्र हसून बोलत होती.