परत देवाला

दुपारी भाजीवाल्या मावशींशी लिंबांवरून हुज्जत घातली. त्या दहाला दोन म्हणत होत्या, मी तीन. शेवटी तिसरं त्यांनी पिशवीत टाकलं, वर कोथिंबिरीच्या चार काड्या. गड जिंकल्यासारखी जिना चढले. ओट्यावर पिशवी उपडी केली तर ते तिसरं लिंबू घरंगळत पार शेगडीपाशी गेलं. बारकं, अर्धं हिरवं. आणि एकदम आजी आठवली.

आमचं गाव नगर जिल्ह्यातलं. १८३१ साली अमेरिकन मराठी मिशनची माणसं नगरला आली आणि पुढे खेडोपाडी शाळा, देवळं उभी राहिली, त्यांतलंच आमचं एक पत्र्याचं. हो, देऊळच. चर्च म्हणायला आम्ही शहरात आल्यावर शिकलो. हंगामाच्या सणाला जो तो आपल्या शेतातलं पहिलं घेऊन यायचा. बाजरीची कणसं, तीळ, भोपळे, पाय बांधलेली एखादी कोंबडी. ती नेमकी उपदेशाच्या मध्ये ओरडायची. पाळकसाहेब थांबायचे, तिचं संपू द्यायचे, मग पुढे.

आशीर्वाद झाला की लिलाव. शाळेतले मास्तर टेबलामागे उभे राहायचे. एक वार, दोन वार... आणि एरवी आठवडी बाजारात चार आण्यांसाठी तासभर घासाघीस करणारी माणसं इथं वांग्याला चौपट मोजून वर खूश. घेतलेलं घरी न्यायचं तेही नाही. ‘परत देवाला!’ म्हणून पुन्हा टेबलावर ठेवायचं. पुन्हा बोली. एकच भोपळा पाच-सहा जणांचा होऊन शेवटी होता तिथंच. हे गणित मला कधी सुटलं नाही. भोपळा अखेर कुणाच्या घरी शिजायचा, तेही कळलं नाही.

रस्त्यापलीकडच्या किराणा दुकानावर शेंदरानं ‘शुभ लाभ’ लिहिलेलं असायचं. पाळकसाहेबांचा आवडता लाभ वेगळा, बायबलात पौलानं तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातला. तिथं चित्तसमाधानासह भक्ती असेल तर तो मोठा लाभ, असं आहे. ‘चित्तसमाधान’ हा शब्द ते इतका लांबवायचे की तेवढ्यात माझी एक डुलकी व्हायची.

१९७२ साली हंगामच नव्हता. मोठी माणसं दुष्काळी कामावर खडी फोडत होती, रेशनला मिलो नावाची लाल ज्वारी, पोरांना सुकडी. तरी सण झाला. टेबलावर शेवग्याच्या चार शेंगा, कुणाचा मूठभर मिलो आणि आजीचं एक लिंबू. भांडी घासलेल्या पाण्यावर तगलेलं झाड होतं ते, त्या साली त्याला मोजून तीन लिंबं धरली होती. त्या दिवशी देवळात ते लिंबूच फिरत राहिलं. चार आणे. परत देवाला. पाच आणे. परत देवाला. शेवटी आठ आण्यांना आजीनंच घेतलं, स्वतःचंच लिंबू. कनवटीची नाणी काढून दोनदा मोजली आणि लिंबू पुन्हा टेबलावर ठेवलं.

आमच्या लोकांना एक टोमणा ठरलेला असे, पोटासाठी बाटले म्हणून. १८७६च्या दुष्काळानंतर पुष्कळ कुटुंबं मिशनकडे आली हे खरंच आहे. त्यांत आजीची माणसं होती की नव्हती, मी कधी विचारलं नाही. टोमण्याला तिनं कधी उत्तर दिलेलं मी ऐकलं नाही. ती ऐकून घ्यायची आणि पदर सारखा करून चालू लागायची.

त्या रात्री मिलोची भाकर होती. लाल, घशाला घासणारी, सोबत पाण्यासारखं कालवण. ‘लिंबू असतं तर बरं झालं असतं,’ मी म्हणाले.

आजीनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

‘गुमान खा,’ म्हणाली.