नर्मदा परिक्रमा : दिवस निभतो, संध्याकाळ निभत नाही

परिक्रमेला निघण्यापूर्वी ज्या तिघा-चौघांनी मला सल्ला दिला, त्या सर्वांचे एक वाक्य समान होते : नर्मदामैयाच्या किनाऱ्यावर व्यसन आपोआप गळून पडते. दारू सोडून मला तेव्हा सात महिने झाले होते आणि हे वाक्य मला इतके हवे होते की मी ते तपासून पाहिले नाही. चार महिन्यांहून थोड्या अधिक काळात परिक्रमा पूर्ण करून आल्यावर सांगतो, की ते खरे नाही. आणि दारू चालू असताना त्या भरवशावर कोणी परिक्रमा सुरू करायला ओंकारेश्वर गाठणार असेल, तर ते धोक्याचेही आहे. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी थांबवल्यास पहिल्या दोन-चार दिवसांत हात थरथरणे, फिट येणे, भ्रम होणे असे प्रकार घडू शकतात आणि त्यात जीवही जाऊ शकतो. आधी डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी, काही महिने काढावेत आणि मगच संकल्प करावा.

नदीची लांबी १३१२ किलोमीटर आहे, म्हणजे दोन्ही तट मिळून २६०० किलोमीटरच्या पुढे होते, आणि वाट किनारा सोडून जात असल्याने चालणे त्याहूनही वाढते. पाठीवर किती वजन घ्यावे आणि बूट कोणते असावेत, यावर येथे काही लिहीत नाही. रोज पंचवीस किलोमीटर चालणे जमत नसेल, तर ते घरीच जमवून यावे.

मला लिहायचे आहे ते शूलपाणीच्या झाडीविषयी, म्हणजे वाटेतल्या डोंगराळ जंगलाविषयी. देवउठनी (कार्तिकी) एकादशीनंतर निघालेला माणूस ओंकारेश्वरहून दक्षिण तटाने पश्चिमेकडे चालत बडवानीजवळच्या राजघाटाला पोहोचतो आणि त्यापुढे झाडी सुरू होते. 'पाच दिवसांची सुंदर वाट' असे तिचे वर्णन मी ऐकले होते. पूर्वी येथे परिक्रमावासीयांना लुटत असत, आता तसे राहिलेले नाही, एवढेच त्यातले खरे निघाले. सरदार सरोवर धरणाची पूर्ण जलपातळी १३८.६८ मीटर आहे. २०१९ मध्ये ते प्रथमच पूर्ण भरले आणि किनाऱ्याची जुनी वाट पाण्याखाली गेली. त्यामुळे आज तुम्ही नदीकाठाने चालत नसून डोंगराच्या एका सोंडेवर चढत, दुसऱ्या बाजूने उतरत, पुन्हा चढत असता. घोंघसा ते भादल हा टप्पा मला सर्वांत वाईट गेला. पायाखाली सुटा मुरूम, सावली जवळजवळ नाही आणि हाती काठी नसेल तर उतारावर बसत-बसत जाण्यावाचून गत्यंतर नाही. पाणी दोन लिटर घेऊन मी निघालो होतो, ते अकरा वाजता संपले. तीन लिटर घ्यावे, पहाटे उजाडताच निघावे आणि कोणी 'बस, दो किलोमीटर' म्हणाले तर ते अंतर चौपट धरावे; सांगणारा खोटे बोलत नाही, त्याचे पाय निराळे आहेत.

परंतु झाडीतला खरा कठीण भाग मला कोणीही सांगितला नव्हता. तेथे चार दिवस मोबाइलला रेंज मिळाली नाही. मी रोज रात्री दारू सोडणाऱ्यांच्या गटातल्या माझ्या जुन्या सोबत्याला फोन करीत असे आणि 'फक्त आजचा दिवस' एवढेच बोलून आम्ही ठेवत असू. तो फोन बंद पडला. ज्या घराच्या ओसरीवर आम्ही आसन लावले, म्हणजे मुक्काम केला, तेथील माणसांनी स्वतःसाठी शिजवलेल्या भाकरीतून आम्हाला वाढले आणि त्याच अंगणात संध्याकाळी मोहाची दारू निघाली. त्यांच्या दृष्टीने ते पाहुण्याचे स्वागत होते. मोहाची फुले वाळवून ठेवली जातात, त्यामुळे हा वास वर्षभर कोठेही भेटू शकतो. मी ओसरीच्या टोकाला जाऊन रात्रभर जागा राहिलो. एवढी भीती मला चढणीवर वाटली नव्हती.

दुसरी गोष्ट चिलमीची. काही मुक्कामांवर साधूंच्या धुनीभोवती चिलीम फिरते आणि 'मैया का प्रसाद है, बाबाजी' असे म्हणून ती तुमच्यासमोर धरली जाते. 'नको' म्हटल्यास आग्रह होतो, आजारपणाचे कारण सांगितल्यास औषध म्हणून घ्या असे सांगतात. 'मेरा संकल्प है' असे म्हणावे. परिक्रमेत संकल्पाच्या विरुद्ध कोणी आग्रह करीत नाही, हे मला पंधरवड्यानंतर कळले. ते पहिल्या दिवशी कळले असते तर बरीच झोप वाचली असती.

मध्य प्रदेशाने १ एप्रिल २०२५ पासून ओंकारेश्वर, महेश्वर, मंडला, अमरकंटक अशा गावांतील दारूची दुकाने बंद केली आहेत आणि गुजरातेत तर दारूबंदी जुनीच आहे. त्याचा उपयोग आहे, पण मर्यादित. दिवसा मला दारूची आठवण क्वचितच झाली. चालणारा माणूस पुढचे वळण आणि टाचेचा फोड यांतच गुंतलेला असतो. पाच वाजता आसन लागले, पाय धुतले, की पुढे नऊपर्यंत करायला काही नसे, आणि माझी पिण्याची वेळ नेमकी हीच होती. संपूर्ण परिक्रमेत मला चालण्याने संध्याकाळी मदत केली नाही, हा माझा स्पष्ट निष्कर्ष आहे.

नदीच्या मुखाशी दक्षिण तटावरून उत्तर तटावर नेणारी समुद्राकडची नाव भरतीवर सुटते, म्हणून एखादा दिवस राखून ठेवावा. गरुडेश्वर ते अमरकंटक आणि तेथून नर्मदापुरममार्गे परत, हे सारे आठवडे सुखात गेले. त्याविषयी सांगण्यासारखे काही नाही.

उपाय परिक्रमेत मिळाला नाही, तिच्यानंतर मिळाला. पुढच्या कार्तिकात मी दक्षिण तटावरच्या एका अन्नक्षेत्रात (परिक्रमावासीयांना जेवण देणाऱ्या ठिकाणी) दोन महिने सेवेला राहिलो. परिक्रमावासी चार ते सातच्या दरम्यान येतात. 'कितनी मूर्ती?' (म्हणजे किती माणसे) असे विचारून पीठ मळायला घ्यायचे, कोणाच्या फोडांना औषध लावायचे, पंगत उठली की परातीएवढ्या कढया घासायच्या. हे संपेपर्यंत साडेनऊ वाजलेले असत. दोन महिन्यांत मला एकही संध्याकाळ मोजावी लागली नाही. म्हणून ज्याला दारूशिवाय जगण्याचा हेतूच शोधायचा आहे, त्याने आधी सेवा करावी आणि मग चालावे. माझ्याकडून क्रम उलटा झाला.

सेवेसाठी पत्र वगैरे लिहू नये, सरळ जाऊन व्यवस्थापकांना भेटावे. देवउठनी एकादशीनंतरचे तीन आठवडे ओंकारेश्वरपासून तीन-चार दिवसांच्या चालीवरच्या मुक्कामांवर सर्वाधिक गर्दी असते आणि हात कमी पडतात. आपण दारू सोडली आहे हे व्यवस्थापकांना पहिल्याच दिवशी सांगावे. मी सांगितले, तेव्हा त्यांनी काही विचारले नाही, फक्त माझी पाळी सकाळची होती ती संध्याकाळची केली.