दोन्ही बाजूंचे छायाचित्रकार

व्हिएतनाम युद्धाचे चित्रण करताना १९६९ मध्ये सुरुंगस्फोटात डोक्याला गंभीर इजा होऊनही बचावलेले ब्रिटिश छायाचित्रकार टिम पेज यांनी १९९१ मध्ये ‘इंडोचायना मीडिया मेमोरियल फाउंडेशन’ स्थापन केले. त्यांचे छायाचित्रकार मित्र शॉन फ्लिन आणि डेना स्टोन एप्रिल १९७० मध्ये कंबोडियात मोटारसायकलींवरून निघाले, ते परतलेच नाहीत.

पेज यांनी जर्मन छायाचित्रकार हॉर्स्ट फास यांच्यासह १९९७ मध्ये ‘रेक्विम’ हा छायाचित्रसंग्रह सिद्ध केला. इंडोचीनमधील (व्हिएतनाम, लाओस, कंबोडिया) युद्धांत मृत वा बेपत्ता झालेल्या १३५ छायाचित्रकारांचे काम त्यात आहे. मला त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती ही, की रॉबर्ट कापा, लॅरी बरोज यांच्यासारख्या जगप्रसिद्ध नावांच्या शेजारी उत्तर व्हिएतनामच्या बाजूने काम करणारे, बाहेरच्या जगाला जवळजवळ अपरिचित असलेले छायाचित्रकारही त्याच मानाने येतात. विजेत्यांची आणि पराभूतांची स्मारके सहसा एका छपराखाली नांदत नाहीत. या संग्रहाचे प्रदर्शन मात्र हो ची मिन्ह शहरातील युद्धसंग्रहालयातच मांडलेले आहे.

बरोज आणि व्हिएतनाममधील दा लात शहरात जन्मलेले आन्री ह्युए यांच्यासह चार छायाचित्रकार असलेले हेलिकॉप्टर फेब्रुवारी १९७१ मध्ये लाओसवर पाडण्यात आले. त्या डोंगरउतारावर १९९८ मध्ये उत्खनन झाले, तेव्हा कॅमेऱ्यांचे तुकडे आणि फिल्मचे अवशेष हाती लागले.

फाउंडेशनने त्या प्रदेशातील तरुण पत्रकारांना प्रशिक्षणही दिले. स्मरणाचा हा प्रकार मला शिलालेखांपेक्षा अधिक उपयोगी वाटतो.