बंड्या आणि 6 फूट

गेल्या उन्हाळ्यात आम्ही शेनान्डोआ नॅशनल पार्कला कॅम्पिंगला गेलो, म्हणजे मी, बायको, लेक आणि आमचा कुत्रा बंड्या. अमेरिकेतल्या बऱ्याच नॅशनल पार्कांत कुत्रा न्यायचा म्हणजे निम्मी ट्रिप पार्किंग लॉटमध्ये. यलोस्टोनमध्ये तर कुत्र्याला ट्रेलवर पाऊलच ठेवू देत नाहीत, रस्त्यापासून 100 फुटांच्या आतच राहायचं, आणि तिथली उकळती कुंडं बघता ते बरोबरच आहे म्हणा, आमचा बंड्या समोर पाणी दिसलं की आधी तोंड घालतो, मग विचार करतो. शेनान्डोआ त्या मानाने मोकळंढाकळं. 500 मैलांच्या आसपास ट्रेल्स, त्यातले थोडेसे सोडले तर सगळीकडे कुत्रा चालतो. फक्त लीश, म्हणजे त्याचा पट्टा, 6 फुटांपेक्षा लांब नको.

तर हे 6 फूट. मला वाटलेलं मी बंड्याला फिरवणार. प्रत्यक्षात एका कुजक्या ओंडक्यापाशी साहेब थांबले ते थांबलेच. आधी डावीकडून हुंगलं, मग उजवीकडून, मग नाक आत खुपसून फुर्रर्र, वर मागे येऊन पुन्हा पहिल्यापासून. मी ओढतोय, तो चारी पाय रोवून उभा. लेक म्हणाली, "बाबा, वाचू दे ना त्याला, पेपर आहे तो त्याचा." तोपर्यंत मागून आलेले दोन आजोबा आम्हाला ओलांडून पुढे गेले सुद्धा.

डार्क हॉलो धबधब्याच्या ट्रेलवर मात्र कुत्र्याला बंदी. मग पाळ्या लावल्या. आधी त्या दोघी गेल्या, मी आणि बंड्या वर झाडाखाली बसलो, येणारा जाणारा प्रत्येक जण त्याची चौकशी करत होता, माझी कोणी केली नाही. मग माझी पाळी. 70 फुटांचा धबधबा, छानच आहे, पण खरं सांगायचं तर माझं अर्धं लक्ष वरच होतं, की हा बायकोला घेऊन हरणामागे तर सुटला नसेल ना.

रात्रीचं सांगायलाच हवं. 4 जणांचा तंबू म्हणजे 4 जणांनी कुशीवर न वळायचं ठरवलं तर 4 जणांचा. त्यात बंड्या आडवा. त्याचं खाणं गाडीत कुलूपबंद, कारण इथे अस्वलं आहेत आणि त्यांना आपलं काय नि कुत्र्याचं काय, वास आला की बास. डिक्की बंद होताना त्याने माझ्याकडे जे पाहिलं ना! झोपायच्या आधी बायकोने टॉर्च धरला आणि मी त्याच्या केसांत बोटं घालून गोचिड्या शोधल्या. डाव्या कानामागे एक सापडली, तिळाएवढी, चिकटून बसलेली. चिमट्याने अगदी कातडीलगत धरून सरळ वर ओढली, तो हलला पण नाही, फक्त एक सुस्कारा सोडला, आजी गुडघ्याला तेल लावून घेताना सोडायची तसा.

पहाटे तंबूबाहेर कचकच आवाज. बेल वाजली की घर डोक्यावर घेणारा हा वीर माझ्या पायांमागे. झिप दोन इंच उघडून बघितलं तर हरीण, निवांत गवत खात होतं.

घरी येऊन ओला तंबू बाहेर वाळत टाकला. तासाभराने पाहतो तर बंड्या त्याच्या तळाशी एका कोपऱ्यात नाक खुपसून उभा. डावीकडून, उजवीकडून, फुर्रर्र. लीश नव्हती, त्यामुळे ओढायचाही प्रश्न नव्हता. मी खुर्ची आणून शेजारी बसलो.