तुम्ही विचारलंत म्हणून : सोलमध्ये स्वस्तात पोटभर कुठं जेवायचं?

सोलला यायचं ठरलं की लोक आधी विमानाचं तिकीट काढतात आणि मग मला विचारतात, "तिथं स्वस्तात पोटभर कोरियन जेवण कुठं मिळतं हो?" विचारणाऱ्यांत शिष्यवृत्तीवर येणारी मुलं असतात, त्यांचे आईवडील असतात, कंपनीच्या कामासाठी महिनाभर येणारे असतात आणि हल्ली कोरियन मालिका बघून जीव टाकणाऱ्या भाच्याही असतात. सगळ्यांना माझं उत्तर एकच : हानशिक बुफेत जा. त्यावर पुढचे प्रश्न सुरू होतात. ते कुठं असतं, आत गेल्यावर काय करायचं, आणि शेवटी हळूच, "शाकाहारी माणसाचं भागेल ना?" म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते.

हानशिक म्हणजे कोरियन जेवण. बुफे म्हटल्यावर डोळ्यांसमोर जी झुंबरं येतात ती मात्र पुसून टाका. ही बहुधा तळघरातली जागा असते. लांबलचक टेबलं, भिंतीवर बातम्या चालू असलेला टीव्ही, आणि दाराशी एकच आकडा : ८,००० किंवा ९,००० वॉन, म्हणजे आपले साधारण पाचशे ते साडेपाचशे रुपये. "पाचशे म्हणजे स्वस्त?" असं पुण्याहून कुणी विचारलं की मी हिशेब सांगते. २०२५ साली इथलं किमान वेतन तासाला १०,०३० वॉन झालं. म्हणजे सगळ्यात कमी मजुरीवर राबणाऱ्याच्याही एका तासाच्या कमाईत हे जेवण बसतं आणि वर थोडे पैसे उरतात. सोलमध्ये नेंगम्योन, म्हणजे थंड नूडल्सचा एक वाडगा, याहून महाग पडतो, आणि तो संपला की संपला. इथं पुन्हा उठून वाढून घेता येतं.

२०१३-१४च्या सुमारास इथल्या बड्या उद्योगसमूहांनीही हानशिक बुफे काढले होते. लाकडी फर्निचर, हंगामी भाज्यांच्या पाट्या, दारासमोर तासतासभर रांगा. ती लाट ओसरली आणि त्यातले बहुतेक बंद झाले. मी सांगतेय ते त्या जातीचे नव्हेत. हे कामावरच्या माणसाच्या दुपारच्या भुकेसाठी आहेत, आणि म्हणूनच टिकून आहेत.

मी काम करते तो भाग गासान डिजिटल स्थानकाभोवतीचा. मेट्रोच्या एक आणि सात नंबरच्या मार्गांवर हे स्थानक येतं. १९६०च्या दशकात सरकारने इथं गुरो औद्योगिक वसाहत उभारली. कपडे, केसांचे टोप, इलेक्ट्रॉनिक्स असा माल परदेशी जायचा आणि खेड्यांतून आलेल्या तरुण मुली यंत्रांवर बसायच्या. पुढे कारखाने हलले, २०००मध्ये वसाहतीचं नाव बदलून 'डिजिटल' झालं आणि काचेचे टॉवर उभे राहिले. लालबाग-परळच्या माणसाला हे फार समजावून सांगावं लागणार नाही. पण इथं टॉवरच्या तळघरात खानावळ शिल्लक राहिली. तिला बुफे म्हणतात एवढंच. आहे ती खानावळच. गिरणगावात घरच्या खोलीतून कामगारांना जेवू घालणाऱ्या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं होतं. इथल्या मुदपाकखान्यातही मला दिसतात त्या बहुतेक पन्नाशी-साठीच्या बायकाच. रबरी बूट, गुलाबी हातमोजे, आणि एक डोळा सतत भाताच्या कुकरवर.

आणखी दोन ठिकाणं ध्यानात ठेवा. नोरयांगजिन हे स्पर्धा परीक्षांच्या क्लासेसचं गाव. आपल्याकडची सदाशिव पेठ आठवणाऱ्यांना तिथं लगेच घरच्यासारखं वाटेल. तिथल्या बुफेंत विद्यार्थी जेवणाच्या तिकिटांचं पुडकंच विकत घेतात, एकगठ्ठा घेतल्यावर दर जरा उतरतो. दुसरं नामगुरो. तिथं पहाटे रोजंदारी मजुरांचा बाजार भरतो, त्यामुळे उजाडायच्या आधीपासून गरम भात मिळतो. परदेशी विद्यार्थ्यांसाठी एक जादा गोष्ट : विद्यापीठांत सरकारी मदतीवर '१,००० वॉनचा नाश्ता' ही योजना २०१७पासून चालू आहे. तुमचं विद्यापीठ तीत असेल तर सकाळी लवकर उठण्याला याहून चांगलं कारण नाही.

स्वस्त का, हे कळलं की कसं वागायचं तेही आपोआप कळतं. इथं मेनूकार्ड नाही. आज जे शिजलं ते आज सगळ्यांना. वेटर नाही. पैसे आत शिरतानाच भरायचे, यंत्रावर कार्ड लावायचं किंवा गल्ल्यावरच्या मावशींकडे द्यायचे. ताट, चमचा, चॉपस्टिक्स, पाणी सगळं आपलं आपण घ्यायचं आणि जेवण झाल्यावर ताट आपणच नेऊन द्यायचं. उरलेलं अन्न एका पिंपात, चमचे पाण्याच्या टबात, ताट खिडकीत. म्हणजे जवळपास निम्मं काम गिऱ्हाईक करतं आणि त्याची मजुरी दरातून वजा होते. उरलेलं गणित गिऱ्हाइकीचं : त्याच टॉवरमधली तीच माणसं रोज येतात, त्यामुळे किती शिजवायचं याचा अंदाज सहसा चुकत नाही.

भिंतीवर दोन पाट्या असतात, दोन्ही वाचा. पहिली उगमाची. तांदूळ, किमची (म्हणजे आंबवलेला तिखट कोबी), डुकराचं मांस, गोमांस कुठल्या देशातलं आहे हे हॉटेलांनी लिहून लावावं असा इथं कायदा आहे. तांदूळ बहुतेक वेळा देशी असतो. किमचीपुढे मात्र स्वस्त ठिकाणी हटकून 'चीन' लिहिलेलं दिसतं. कोरियात बसून चिनी किमची खायची म्हटल्यावर पाहुण्यांचे चेहरे पडतात. पण घरी बारा महिन्यांची किमची घालणारी मंडळी कमी होत चालली आहेत आणि नऊ हजारांत कुणी देशी कोबी वाढणार नाही. हे मला ढोंगी देशी चवीपेक्षा प्रामाणिक वाटतं.

दुसरी पाटी दंडाची : 'अन्न टाकल्यास जादा पैसे पडतील.' कुठं एक हजार वॉन, कुठं त्याहून जास्त. दंड वसूल होताना मी क्वचितच पाहिलाय, पण पाटी नुसती शोभेची नाही. कोरियाने २००५ साली ओलं अन्न कचराभूमीत टाकायला बंदी केली आणि २०१३पासून देशभर, जितका अन्नाचा कचरा तितके पैसे अशी पद्धत आली. तुमच्या ताटातला उरलेला भात मालकिणीला दोनदा महाग पडतो, एकदा शिजवताना आणि एकदा फेकताना. म्हणून पहिल्या फेरीत सगळं चमचा-चमचाच घ्या. दुसऱ्यांदा गेलात तर कुणी डोळे वटारत नाही. उलट "आणखी घे" असा हात होतो.

ताटात काय येतं? खण पाडलेलं ताट असेल तर खालच्या मोठ्या खणात भात, बाजूला आमटीचा वाडगा. भात कधी पांढरा, कधी जांभळट, काळा तांदूळ आणि कडधान्यं घातलेला. आमटी रोज वेगळी : सोयाबीनच्या आंबवलेल्या गोळ्याची द्वेनजांग-गुक, समुद्री शेवाळाची मियोक-गुक, मोड आलेल्या सोयाबीनची कोंगनामुल-गुक. मग पाच-सात तोंडीलावणी. पालक उकळून, पिळून, तिळाच्या तेलात कालवलेला. मुळ्याचा लाल तिखट किस. बटाट्याच्या फोडी सोया सॉसमध्ये आटवलेल्या. ओमुक म्हणजे माशाच्या पिठाच्या पट्ट्या परतलेल्या. आठवड्यातून एक-दोनदा जेयुक बोक्कुम, डुकराचं मांस गोचुजांगमध्ये, म्हणजे मिरचीच्या आंबवलेल्या लाल लगद्यात, चरचरीत परतलेलं, आणि त्या दिवशी रांग जिन्यापर्यंत. शेजारी लेट्यूसची पानं ठेवलेली असतात. पानावर भाताचा घास, मांसाचा तुकडा, साम्जांग या खारट-तिखट चटणीचं बोट आणि कच्च्या लसणाची चकती ठेवून, पान मिटून एकाच घासात तोंडात. तोंड भरलेलं असताना बोलायचं नसतं, आणि बोलताही येत नाही.

ज्या दिवशी बेत बेतास बात असतो, आणि असे दिवस येतात, त्या दिवसाचा माझा उपाय सांगते. मोठा वाडगा मिळाला तर त्यात भात घ्यायचा, वर पालक, मुळा, मोड आलेलं सोयाबीन, जमेल ती भाजी, मग चमचाभर गोचुजांग आणि तिळाचं तेल. काही ठिकाणी तवा आणि अंड्यांचा ट्रे बाहेरच ठेवलेला असतो, अंडं आपण तळून घ्यायचं. सगळं चमच्याने कालवलं की बिबिम्बाप तयार. बाहेरच्या हॉटेलात हेच वाडगाभर मागवलं तर जास्त पैसे पडतात. कालवताना मान खाली घालून मनसोक्त कालवावं, कुणी बघत नाही.

आता शाकाहार. इथं मी गोड बोलणार नाही. ताटात हिरवं भरपूर असतं, पण हिरवं म्हणजे शाकाहारी नव्हे. किमचीत बहुधा खारवलेली कोळंबी किंवा माशाचा रस असतो. आमटीचं पाणी वाळक्या छोट्या मासळीत उकळलेलं असतं, मियोक-गुकमध्ये पुष्कळदा गोमांसाचे तुकडे. काही पालेभाज्यांतही माशाचा रस पडतो. जो अंडं खातो आणि मासळीच्या उकळीकडे काणाडोळा करतो त्याची इथं चंगळ आहे. जो काटेकोर पाळतो त्याच्या वाट्याला भात, लेट्यूस, भाजलेला समुद्री शेवाळाचा कागद, बहुतेक वेळा टोफू आणि बटाटा येतो, आणि तेही विचारून. मी गुरुवार पाळते, आणि गुरुवारी सरळ डबा नेते. रोज विचारत बसण्यात जेवणाची मजा जाते आणि रांगेत मागे उभ्या असलेल्यांचीही. संकष्टीला मात्र कोरिया मदतीला धावून येतो : कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानात गरम भाजलेलं रताळं मिळतं.

ज्यांना कोरियन जेवण कांदा-लसणाशिवायही खाऊन बघायचंय, त्यांनी देवळांकडे वळावं. इथल्या बौद्ध मठांच्या स्वयंपाकात मांस-मासळी नसतेच, शिवाय लसूण आणि कांद्याच्या जातीचं काहीही नसतं. आमच्या एका जैन पाहुण्यांना पहिल्यांदा कोरियन जेवण गोड लागलं ते तिथं. बुद्धजयंतीच्या दिवशी पुष्कळ देवळांत येणाऱ्या सगळ्यांना भाज्यांचा बिबिम्बाप फुकट वाढतात. रांग मोठी असते, पण झरझर सरकते.

एकट्याने येणाऱ्या मुलींच्या आया एक प्रश्न नेहमी विचारतात, एकटीने जेवायला बसलं तर विचित्र दिसतं का? कोरियात बाहेर खाताना ही खरी अडचण आहे. भाजलेलं मांस, टेबलावर उकळणारी मोठी हंडी असे कितीतरी पदार्थ किमान दोघांचेच मागवावे लागतात, आणि एकट्याला दारातूनच नकार मिळतो. बुफेत ही भानगड नाही. माझ्या आजूबाजूला निम्मी माणसं एकेकटी बसलेली असतात, कानात इअरफोन, समोर फोन टेकवून ठेवलेला. दहा-पंधरा मिनिटांत जेवतात आणि उठतात. तुम्ही मात्र सावकाश जेवा, फक्त ऐन गर्दीत ताट संपल्यावर टेबल अडवून बसू नका. भातही चमच्यानेच खायचा, आणि वाडगा उचलून तोंडाला लावायचा नाही, तो टेबलावरच राहू द्यायचा.

निघताना दाराशी कॉफीचं यंत्र असतं, कागदी पेल्यात दूध-साखर घातलेली कॉफी फुकट. चवीचे फार लाड असलेल्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये. मला आवडते.

वेळेचं मात्र सांभाळा. दुपारचं जेवण साधारण अकरा ते दोन. बारा ते साडेबारा सगळे टॉवर एकदम रिकामे होतात, तेव्हा जाऊ नका. दीडनंतर गेलात तर चांगल्या भांड्यांचे तळ दिसायला लागलेले असतात. शनिवार-रविवारी कचेऱ्या बंद, म्हणून हे बुफेही बहुतेक बंद. त्या दिवशी टॅक्सीवाल्यांची हॉटेलं शोधा, ती बहुधा उघडी असतात आणि तिथंही भात-भाज्यांचं ताट वाजवी दरात मिळतं.

नेमक्या कुठल्या तळघरात शिरायचं, असा तुमचा शेवटचा प्रश्न असतो. नाव मी सांगत नाही, कारण आज चांगला बेत एका ठिकाणी असतो, उद्या दुसऱ्या. गासानला सव्वाअकराच्या सुमारास उतरा. आठवड्याचा मेनू दाराशी चिकटवलेला असतो, त्याचा फोटो काढून पापागो या भाषांतराच्या ॲपमध्ये टाका, बरंचसं कळतं. तीन-चार दारं बघून घ्या आणि गळ्यात ओळखपत्रं अडकवलेल्या लोकांची रांग जिथं सगळ्यात लांब, तिच्या शेवटी उभे राहा.